समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायातले जोड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत एका डिझाइन ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. काम सगळं ऑफशोर फाउंडेशनचं, म्हणजे उत्तर समुद्रात उभ्या राहणाऱ्या टर्बाइनचे पाय आम्ही इथे ठाणे-बेलापूर रोडवर बसून हिशेबात उभे करतो. डिप्लोमाची मुलं, रबाळे-महापेचे फॅब्रिकेशनवाले, वागळे इस्टेटमधले मशीनिंगवाले, ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधे ओळख झालेले लोक, सगळे विचारतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. आधीच सांगते, खाली मी प्रत्येक जोडाबद्दल एकच गोष्ट परत परत विचारणार आहे, की वजन या जोडातून नक्की कुठल्या वाटेने खाली जातंय आणि ती वाट डिझाइन करणाऱ्याने ठरवलेलीच आहे का.

ताई, पाया म्हणजे नुसता एक पाइपच ना? त्यात जोड कुठून आला?

बहुतेक ठिकाणी हो, एक भलामोठा स्टीलचा पाइप समुद्राच्या तळात ठोकतात, त्याला मोनोपाइल म्हणतात. आजकाल व्यास ८ ते १० मीटर आणि वजन हजार-दोन हजार टन असणं नवलाचं राहिलेलं नाही. त्याच्यावर ट्रान्झिशन पीस बसतो, आम्ही टीपी म्हणतो, त्याला बोट लागायची जागा, शिडी, प्लॅटफॉर्म, केबलची नळी वगैरे असतं, साधारणपणे पिवळा रंग दिलेला भाग तो. टीपीवर टॉवर, टॉवरवर मशीन आणि पाती. म्हणजे दोन मोठे जोड झाले, मोनोपाइल-टीपी आणि टीपी-टॉवर. दुसरा जोड जमिनीवरच्या टॉवरसारखाच बोल्टचा असतो, त्याचा अनुभव भरपूर आहे. डोकेदुखी पहिल्याची, कारण तो लाटांच्या टप्प्यात येतो, समुद्रात उभं राहून करावा लागतो आणि पाइल ठोकल्यावर तिचं टोक नेमकं कसं राहील हे आधी हातात नसतं.

एवढा जोर येतो तरी किती? आकड्यात सांगा.

कच्चा हिशेब करूया, पेन घ्या. १५ मेगावॉटचं टर्बाइन धरा, चालू असताना वाऱ्याचा आडवा रेटा साधारण २५० टन आणि तो लागतो समुद्रापासून दीडशे मीटर वर. जोड समुद्रापासून वीसेक मीटरवर असेल तर हात उरला १३० मीटर, म्हणजे मोमेंट (रेटा गुणिले हात, जोडाला वाकवू बघणारा जोर) झाला ३२,५०० टन-मीटर. जोडाचा व्यास ८ मीटर धरला तर त्रिज्या ४, मोमेंटला π (३.१४) गुणिले त्रिज्येच्या वर्गाने भागलं की परिघाच्या दर मीटरला जवळपास ६४५ टन. एका बाजूला तेवढी ओढ, समोरच्या बाजूला तेवढाच दाब. वरच्या सगळ्याचं वजन १,९०० टन धरलं तर ते परिघावर पसरून मीटरला फक्त ७५ टन होतं. म्हणजे वजनाचा दाब वजा केला तरी वाऱ्याच्या बाजूला मीटरमागे ५७० टनांची उचल राहतेच. आणि हा साधा चालू दिवस झाला, वादळ आणि लाटा अजून धरलेल्याच नाहीत.

आता त्यात वेळ घाला. २५ वर्षांत ७८ कोटींच्या वर सेकंद असतात आणि लाट दर सहा-सात सेकंदाला येते, म्हणजे ११ ते १३ कोटी लाटा, शिवाय पात्यांच्या फेऱ्या वेगळ्या. म्हणून आमच्या धंद्यात जोड एका फटक्यात तुटण्यापेक्षा फटीगने, म्हणजे छोटा ताण परत परत येऊन, थकायची काळजी जास्त असते, आणि फटीगच्या हिशेबात ताण थोडा वाढला तरी आयुष्य खूप कमी होतं.

ग्राउटेड जोड म्हणजे काय?

मोनोपाइलवर तिच्याहून जरा मोठ्या व्यासाचा टीपी टोपणासारखा घालायचा, पाइलच्या व्यासाच्या साधारण दीडपट लांबीपर्यंत दोघं एकमेकांवर यावेत असं, आणि मधल्या काही सेंटिमीटरच्या पोकळीत खालून वर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, पंप करायचा. हा ग्राउट म्हणजे आपल्या बिल्डिंगमधे बाथरूमच्या टाइल्सला भरतात तो नव्हे, त्याची दाबाची ताकद १०० मेगापास्कलच्या वर सहज जाते, म्हणजे आपल्याकडे उंच इमारतींच्या कॉलमला वापरतात त्या एम ६० काँक्रीटपेक्षाही बरीच जास्त.

याचा मोठा फायदा असा की पाइल ठोकताना जरा कलली तर टीपी वरून सरळ धरून ग्राउट भरता येतो, कल तिथल्या तिथे निघतो. तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर हा प्रकार आधीपासून वापरात होता, म्हणून २००२ च्या आसपास डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हसारखे ८०-८० टर्बाइनचे मोठे विंड फार्म व्हायला लागले तेव्हा सगळ्यांनी तोच उचलला.

मग २००९-१० ला नक्की काय बिघडलं? सगळे नुसतं "ग्राउट फेल झाला" म्हणतात.

हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, त्यामुळे जरा लांब सांगते.

त्या वेळचे बरेच जोड साध्या सरळ नळकांड्यांचे होते. आत गुळगुळीत पाइप, बाहेर गुळगुळीत पाइप, मधे ग्राउट. वरचं सगळं वजन खाली जाणार ते ग्राउट आणि स्टीलच्या मधली पकड आणि पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणामुळे होणारी अडकण यांच्या भरवशावर. टीपी बसवताना तात्पुरता टेकायला आतल्या बाजूला ब्रॅकेट दिलेले असायचे, ते जॅकने पाइलच्या डोक्यावर टेकायचे, ग्राउट घट्ट झाला की जॅक काढून घ्यायचा आणि ब्रॅकेट आणि पाइल यांच्यामधे छोटी गॅप राहायची. डिझाइनमधे त्या ब्रॅकेटवर एक किलोसुद्धा धरलेलं नव्हतं.

२००९-१० मधे तपासणीला गेलेल्या लोकांना उत्तर समुद्रातल्या बऱ्याच विंड फार्ममधे दिसलं की ती गॅप गेलीय. टीपी हळूहळू खाली सरकून ब्रॅकेटवर बसलेत. टर्बाइन पडल्या नाहीत, वीजही चालू होती, पण वजन आता अशा वाटेने चाललं होतं जी वाट कोणी डिझाइनच केलेली नव्हती. तात्पुरत्या कामाच्या ब्रॅकेटच्या वेल्डला आता दर लाटेला, दर झुळकीला ताण, तिथे तडे जाणार हे उघड होतं.

कारण बघा. पकडीचे जे आकडे वापरले होते ते छोट्या व्यासाच्या नमुन्यांच्या चाचण्यांवरून आलेले. पण व्यास वाढला की पाइपची भिंत त्या मानाने लवचिक होते, पृष्ठभागाचा तो बारीक उंचसखलपणा तेवढाच राहतो पण त्रिज्येच्या हिशेबाने नगण्य होतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागची पकड कमी. त्यात तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या जोडावर मुख्यतः उभं वजन असतं, इथे मात्र प्रचंड मोमेंट आणि तो सारखा उलटसुलट. मोमेंटमुळे जोडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एका बाजूने ग्राउट दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला स्टील ग्राउटपासून केसभर सुटतं, पाइप जरासा अंडाकृती होतो, फटीत पाणी शिरतं, ग्राउटची झीज होते. आणि दर वेळी एका बाजूची पकड सुटली की वरचं वजन आपलं काम करतं, टीपी कणभर खाली. कोट्यवधी वेळा कणभर.

अजून एक गोष्ट, शिअर की, म्हणजे दोन्ही पाइपवर गोल फिरणारे वेल्डचे उंचवटे, ज्यात ग्राउट अडकून बसतो. तेलवाले ते वापरत होते. पवनचक्कीत बऱ्याच ठिकाणी दिलेच नाहीत, कारण त्या उंचवट्यापाशी ताण गोळा होऊन फटीग वाढेल ही भीती होती. भीती खरीच होती, पण त्या नादात उभ्या वजनाला पक्की वाटच उरली नाही.

म्हणून "ग्राउट फेल झाला" हे वाक्य मला पटत नाही. ग्राउट दाब घ्यायला उत्तम आहे. त्याला घसरण थोपवायचं काम दिलं आणि ते थोपवायला काही दिलंच नाही, चूक तिथे आहे.

मग उपाय काय केला?

उभ्या असलेल्या टर्बाइनसाठी बऱ्याच ठिकाणी पाइलचं डोकं आणि टीपी यांच्या मधे नवीन मजबूत ब्रॅकेट आणि रबर-स्टीलचे थर असलेले बेअरिंग बसवले, म्हणजे उभं वजन आता मुद्दाम, माहिती असलेल्या वाटेने जाईल आणि ग्राउटने फक्त मोमेंट घ्यायचा. कुठे किती सरकतंय ते मोजायला सेन्सर लावले. हे सगळं टीपीच्या आतल्या अडचणीच्या जागेत, बोटीने जाऊन, हवामान बरं असेल त्या दिवसात. खर्च कल्पना करा.

नव्यांसाठी डीएनव्ही या नॉर्वेच्या संस्थेने कंपन्यांना एकत्र घेऊन २००९ ते २०११ मधे अभ्यास केला आणि २०११ ला डिझाइनचे नियम बदलले. दोन वाटा पुढे आल्या. एक, जोड सरळ न ठेवता किंचित शंकूसारखा करायचा, कोन १ ते ३ अंश, म्हणजे टीपी खाली सरकायला गेला की पाचरीसारखा घट्टच होतो. दुसरी, शिअर की द्यायच्या पण जोडाच्या मधल्या अर्ध्या भागातच, कारण मोमेंटचा उघडझाप करणारा त्रास टोकांना असतो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत असं मी म्हणेन, दोन्हीत उभ्या वजनाला कागदावर दाखवता येईल अशी वाट आहे.

ग्राउट भरणं एवढं अवघड का? आपल्याकडे पुलाच्या केबलमधेही भरतातच की.

भरणं जमतं, स्थिर ठेवणं अवघड. ग्राउट घट्ट होईपर्यंतचे पहिले काही तास ते एक दिवस पाइल लाटांनी हलत असते आणि टीपी तिच्यावर नुसता टेकलेला असतो, दोघांच्या हालचालीत फरक पडला की कोवळा ग्राउट आतल्या आत मोडतो, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून हा फरक १ मिलिमीटरच्या आत ठेवायचा असा साधारण दंडक आहे आणि त्याप्रमाणे समुद्र किती शांत हवा ते ठरतं. खालचं रबरी सील फाटलं तर ग्राउट समुद्रात जातो, मग थांबा, थोडा घट्ट होऊ द्या, दुसऱ्या लाइनने परत पंप करा. वरून ग्राउट ओसंडला आणि त्याची घनता बरोबर आली की मगच पोकळी भरली असं धरायचं. थंडीत ताकद उशिरा येते, तोवर वरचा टॉवर चढवता येत नाही आणि जहाजाचं भाडं चालूच असतं.

बोल्टचा जोड यापेक्षा बरा ना मग?

२०१० नंतर बरेच लोक तिकडेच वळले. मोनोपाइलच्या डोक्यावर जाड फोर्ज केलेला फ्लॅन्ज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली गोल कड, टीपीला तसाच फ्लॅन्ज, आणि मधे शंभराच्या वर बोल्ट, साइझ एम ६४ किंवा एम ७२ (६४ किंवा ७२ मिलिमीटर व्यास), ग्रेड १०.९ म्हणजे जास्त ताकदीचं स्टील. मगाचाच हिशेब पुढे नेऊ, ८ मीटरच्या परिघात १४० बोल्ट बसवले तर दर १८ सेंटिमीटरला एक, म्हणजे मीटरला ५७० टनांमधून एका बोल्टच्या वाट्याला १०० टनांच्या वर उचल. एम ७२, १०.९ च्या बोल्टला आधीच जो ताण देऊन ठेवतात तो साधारण २४५ टन.

हा आधीचा ताणच सगळा खेळ आहे. तो असला की दोन्ही फ्लॅन्ज एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, बाहेरून उचल आली की ती बहुतेक त्या दाबातून वजा होते आणि बोल्टला स्वतःला फार थोडा फरक जाणवतो, म्हणून तो कोट्यवधी फेऱ्या सहन करतो. ताण गेला की तीच उचल पूर्ण बोल्टवर, मग फटीगने बोल्ट तुटतो, शेजारच्यावर जोर वाढतो, तो तुटतो.

आणि इथेही वाटेचाच प्रश्न येतो. बोल्ट पाइपच्या भिंतीच्या आतल्या बाजूला असतात, भिंतीच्या रेषेत नसतात, म्हणजे भिंतीने ओढलं की फ्लॅन्ज कलंडायला बघतो आणि बोल्टवर जादा जोर येतो. दोन फ्लॅन्जमधे भिंतीच्या बाजूला गॅप असेल तर दाबातून जायची वाटच बंद, सगळं बोल्टमधून जाणार. म्हणून फ्लॅन्जचं तोंड मशीनिंग करताना किंचित उतार असा ठेवतात की भिंतीच्या बाजूला आधी टेकेल. वागळे इस्टेटमधल्या मित्रांनी हे लक्षात घ्यावं, ड्रॉइंगवर फ्लॅटनेसचा आकडा एवढा बारीक का असतो, त्याचं कारण हे, साहेबाची हौस नाही.

तोटा एकच पण मोठा, बोल्टच्या जोडात कल सुधारता येत नाही. पाइल जशी ठोकली तसा टॉवर उभा राहणार, म्हणून ठोकतानाच ती पाव अंशाच्या आसपास सरळ ठेवायची धडपड असते.

बोल्ट सैल होतात का? टॉर्क रेंचने आवळले की झालं ना?

सुरुवातीला थोडा ताण जातोच, कोटिंग बसतं, आटे एकमेकात रुततात, वॉशरखालची जागा बसते. म्हणून काही दिवसांनी-महिन्यांनी परत तपासणी करतात.

टॉर्कचं म्हणाल तर नट फिरवायला लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या तळाच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यात, बोल्ट ताणायला उरतो दहाएक टक्के. म्हणजे ग्रीस जरा कमीजास्त झालं की तोच टॉर्क देऊनही ताण भलताच येतो. एम ७२ ला टॉर्कही २० हजार न्यूटन-मीटरच्या पुढे लागतो. त्यामुळे मोठ्या बोल्टला हायड्रॉलिक टेन्शनर वापरायचा कल वाढलाय, बोल्टच सरळ वर ओढायचा, नट हाताने टेकवायचा, दाब सोडायचा. सोडताना थोडा ताण कमी होतो, तेवढा आधीच जास्त ओढायचा. अल्ट्रासाउंडने बोल्टची लांबी मोजून खरा ताणही कळतो. मी डिझाइनवाली असले तरी ठामपणे सांगते, या जोडाचं आयुष्य आमच्या हिशेबापेक्षा टेन्शनर हातात धरणाऱ्या माणसाच्या शिस्तीवर जास्त अवलंबून आहे.

टीपीच नको, टॉवर सरळ मोनोपाइलवर बोल्ट करा, असं चालत नाही का?

चालतं, आणि बऱ्याच नवीन प्रोजेक्टमधे करतातही. एक जोड कमी, एक क्रेन लिफ्ट कमी. पण मग हातोडा थेट फ्लॅन्जवर पडणार आणि शिडी-प्लॅटफॉर्म आधी लावले तर हादऱ्याने निखळणार, म्हणून ते सगळं ठोकून झाल्यावर समुद्रात लावायचं.

स्लिप जॉइंट काय प्रकार आहे?

ना ग्राउट ना बोल्ट. दोन स्टीलचे शंकू, वरचा खालच्यावर ठेवायचा, वजनानेच घट्ट बसतो. घरात एकात एक ठेवलेले स्टीलचे पेले अडकून बसतात आणि सोडवताना नाकी नऊ येतात ना, तेच तत्त्व. नेदरलँड्समधे यावर बरंच काम झालं आणि तिथल्या बोर्सेला भागात ९.५ मेगावॉटच्या पूर्ण आकाराच्या टर्बाइनखाली हा जोड वापरून बघितलाय. मला हा जोड मनापासून आवडतो, कारण वजनाची वाट उघड दिसते आणि वजन जेवढं जास्त तेवढी पकड जास्त. फक्त दोन्ही शंकूंचा आकार जुळायला हवा, ८-१० मीटर व्यासाच्या वेल्ड केलेल्या पाइपमधे तो गोलवा आणि कोन सांभाळणं हे फॅब्रिकेशनवाल्यांना विचारा.

सरळ वेल्ड का करत नाहीत?

समुद्रात, हलणाऱ्या बोटीवरून, ८० मिलिमीटरच्या वर जाडीची प्लेट, २५ मीटर परिघ, प्रीहीट, मग अल्ट्रासॉनिक टेस्टिंग. होऊ शकतं पण दिवस लागतील, आणि शंभर टर्बाइन असतील तर शंभर वेळा.

चार पायांचे जॅकेट असतात त्यांचं काय? आपल्या मुंबई हायला पण तेच आहेत ना?

हो, दिसायला तसेच, जॅकेट म्हणजे नळ्या वेल्ड करून केलेला उंच सांगाडा. मुंबई हायला १९७४ मधे तेल लागलं, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, तेव्हापासून आपल्याकडे जॅकेटची सवय आहे. उरण-न्हावा भागातल्या जुन्या वेल्डरमधे अजून कोणी ना कोणी त्या कामावर गेलेलं भेटतं. तेलाच्या जॅकेटमधे बरेचदा पाइल पायाच्या आतूनच ठोकतात आणि वर वेल्डने बांधतात, किंवा बाजूच्या स्लीव्हमधून ठोकून ग्राउट करतात.

पवनचक्कीच्या जॅकेटमधे फरक काय, तर वरचं वजन त्या मानाने कमी आणि मोमेंट फार मोठा. तो मोमेंट जॅकेट आपल्या रुंद पायांमधे ओढ-दाबाच्या जोडीत वाटून देतं, म्हणजे प्रत्येक पायाच्या जोडावर मुख्यतः उभी ओढ आणि उभा दाब, आळीपाळीने. इथे शिअर कीशिवाय कोणी विचारच करत नाही. बरेचदा पाइल आधी टेम्प्लेट ठेवून ठोकून घेतात, मग जॅकेटचे पाय त्यात उतरवतात आणि पाण्याखाली ग्राउट करतात. स्कॉटलंडचा बीट्रिस विंड फार्म २०१९ ला पूर्ण झाला, ८४ टर्बाइन, ५८८ मेगावॉट, सगळे जॅकेटवर. अ‍ॅबरडीनजवळ २०१८ ला ११ टर्बाइन तर जॅकेटखाली पाइलऐवजी सक्शन बकेट (आतलं पाणी उपसून तळात रुतवायच्या उलट्या बादल्या) लावून उभ्या केल्या.

जॅकेटची खरी कटकट वरच्या नोडमधे आहे. नळ्या नळ्यांना मिळतात तो प्रत्येक सांधा वेल्डचा, आणि प्रत्येक वेल्डचं कड हे फटीगचं आवडतं ठिकाण. एका जॅकेटमधे असे डझनावारी सांधे, म्हणून हिशेबही लांब आणि फॅब्रिकेशनही महाग.

गंजाचं काय करता?

बाहेरून जाड पेंट आणि पाण्याखाली अ‍ॅनोड, म्हणजे स्टीलला गंजापासून वाचवणारे धातूचे ठोकळे. आतल्या बाजूला पूर्वी समजायचे की पाइल हवाबंद आहे तर आत ऑक्सिजन संपला की गंज थांबेल, प्रत्यक्षात केबलच्या सीलमधून पाणी आणि हवा येत राहिली, म्हणून आता आतही सोय करतात. बोल्टच्या जोडावर टीपीची झालर खाली सोडून पाणी अडवतात. १०.९ च्या बोल्टला कोटिंग करताना हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊन अचानक तुटतात, त्यामुळे कोटिंगची पद्धत पुरवठादाराने बदलली तर आधी विचारा, नंतर नाही.

आपल्या अलिबाग-मुरुडसमोर पवनचक्क्या कधी?

घाई करू नका. समुद्रातल्या पवन ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ ला आलं. सरकारने अभ्यासासाठी जे झोन ठरवले ते गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे, आणि खंबातच्या आखातात पिपावावसमोर २०१७ ला वारा मोजणारं लिडार बसवलं. जून २०२४ मधे केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूला ५०० मेगावॉट प्रत्येकी, त्यातच ६०० कोटी बंदरं सुधारायला.

जोडाच्या दृष्टीने मला खंबातची काळजी वाटते. तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे, प्रवाह जोरात असतात, वरच्या थरात मऊ माती सापडते आणि त्यात चक्रीवादळं. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला, म्हणजे ग्राउटला जो शांत काळ लागतो तो युरोपातल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने इथे धरून चालणार नाही. तिथलं डिझाइन जसंच्या तसं उचलून आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं वर्कशॉप आहे टीटीसीत (ठाणे-बेलापूर रोडच्या इंडस्ट्रियल भागात), यात आम्हाला काम मिळेल का? आणि मुलाने काय शिकावं?

१० मीटरची पाइल ठाणे-बेलापूर रोडवर बनणार नाही, ती बंदराच्या कडेलाच बनवावी लागते, कारण रस्त्यावरून जाणारच नाही. पण शिड्या, आतले प्लॅटफॉर्म, ब्रॅकेट, केबल सपोर्ट, बोल्ट टेन्शनिंगची साधनं, टेस्टिंग, हे आपल्या भागाला जमणारं काम आहे. सर्टिफिकेट आणि वेल्डच्या नोंदी चोख ठेवायची सवय आत्तापासून लावा. प्रत्येक प्लेटचा हीट नंबर, म्हणजे ती स्टीलच्या कुठल्या ओतीतून आली तो नंबर, शेवटपर्यंत सापडला पाहिजे.

मुलाचं म्हणाल तर आयटीआयचा वेल्डर असेल तर त्यावर अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचं लेव्हल टू करावं. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्याने फटीग आणि बोल्टचं गणित हाताने करायला शिकावं, सॉफ्टवेअर नंतर. आयईसी ६१४००-६ हे २०२० चं स्टँडर्ड टॉवर आणि फाउंडेशनचं आहे, इंटरव्ह्यूच्या आधी त्यातला फ्लॅन्जचा भाग नीट बघून यावा.

जोड किती दिवसांनी तपासतात?

पहिल्या वर्षात जास्त, नंतर ठरलेल्या अंतराने. ग्राउटच्या जोडात टीपी आणि पाइल यांच्यातली उभी सरक मोजतात, ब्रॅकेट आणि बेअरिंग बघतात, ग्राउटचा चुरा खाली पडलाय का ते बघतात. बोल्टमधे सगळे किंवा काही निवडक मोजतात, तुटलेला एक जरी सापडला तर शेजारचे सगळे. सेन्सर असला तरी कोणीतरी टॉर्च घेऊन आत उतरायलाच हवं, २००९-१० ची सरकसुद्धा माणसांनी जाऊन बघितली म्हणून कळली.

आणि २५ वर्षांनी काढताना? ग्राउट कसा सोडवणार?

सोडवतच नाहीत. मोनोपाइल आतून समुद्रतळाच्या थोडी खाली पाण्याच्या जेटने कापतात आणि टीपीसकट वरचा तुकडा एकदम उचलतात, ग्राउट आणि स्टील बंदरावर वेगळं करतात. बोल्टचा जोड उघडता येतो खरा, पण २५ वर्षांचे नट सहसा फिरत नाहीत, तेही कापावेच लागतात. क्रेनने उचलायचं वजन मोजताना मधल्या ग्राउटचं वजन धरायला विसरू नका, मोठ्या जोडात ते शंभर टनांच्या घरात जाऊ शकतं.